उतरायला नऊ मिनिटं

१

बुधवारी सकाळी ‘भिंगरी’च्या कचेरीत चहा सगळ्यांनी घेतला, पण तो गोड होता की बिनसाखरेचा, हे कुणालाच सांगता आलं नसतं.

‘भिंगरी’ म्हणजे टीव्हीवरची प्रवासाची शर्यत. आठ जोड्या, प्रत्येकीच्या हातात चिठ्ठी, चिठ्ठीत पुढच्या थांब्याचं कोडं. कोडं सोडवायचं आणि धूम ठोकायची. शेवटी पोचेल ती जोडी घरी. सातवा हंगाम शुक्रवारी सकाळी सुरू व्हायचा होता आणि पहिला टप्पा ह्याच शहरात होता. त्यातले सात थांबे कोणते, हे जगात फक्त पाच माणसांना ठाऊक होतं. निदान मंगळवारपर्यंत तरी.

बुधवारी उजाडलं तेव्हा ते सातही थांबे चाहत्यांच्या पानावर झळकत होते. ‘भिंगरी, पहिला टप्पा. ही वेळ मोडून दाखवा,’ असा मथळा. खाली फुलबाजारापासून टेकडीवरच्या वेधशाळेपर्यंत सगळे थांबे ओळीने, एकही मागेपुढे न होता, आणि प्रत्येकापुढे किती मिनिटं लागतात तेसुद्धा. टाकणाऱ्याने आपलं नाव ‘आम्ही हटणार नाही’ असं दिलं होतं.

“तीन वेळा निरोप पाठवला, कोण आहात म्हणून,” मोठ्या बाई म्हणाल्या. “उत्तर नाही.” मोठ्या बाई कार्यक्रमाच्या निर्मात्या. त्यांचा आवाज एरवी तीन खोल्यांपलीकडे ऐकू जायचा. आज त्या हळू बोलत होत्या, म्हणून सगळ्यांची पाचावर धारण बसली होती. “पाच छापील प्रती. एक माझ्याकडे, एक निवेदकाकडे, एक कॅमेरामनकडे, एक घड्याळकाका तुमच्याकडे. आणि पाचवी तिच्याकडे.”

‘ती’ खिडकीपाशी उभी होती. चार महिने पायपीट करून तो रस्ता तिनेच आखला होता. सगळे तिला नकाशाताई म्हणत. घड्याळकाका मात्र तिला चिमी म्हणत, कारण ती त्यांची पुतणी. सहा वर्षांची असताना त्यांच्या घरी राहायला आली ती कायमचीच. काका-काकूंना दुसरं लेकरू नव्हतं आणि नंतर त्याची आठवणही राहिली नाही.

“मूळ आराखडा तिच्या संगणकात,” मोठ्या बाई म्हणाल्या. “उद्या संध्याकाळी पाचला मला वर उत्तर द्यायचंय. दुसरं नाव मिळालं नाही तर तिचंच द्यावं लागेल. म्हणजे नोकरी गेली, आणि ह्या धंद्यात पुन्हा कुणी दारात उभं करणार नाही. काका, तुम्ही शोधा.”

“मी तिचा काका आहे,” घड्याळकाका म्हणाले.

“माझ्या सख्ख्या भाच्याला तुम्ही चार सेकंदांसाठी बाद केलं होतंत. त्याची आई अजून माझ्याशी बोलत नाही. तुम्ही कुणाला सोडणार नाही हे मला माहीत आहे.”

हे खरं होतं. सहा हंगाम घड्याळकाका शेवटच्या थांब्यावर टेबल टाकून बसत आणि येणाऱ्या जोडीची वेळ नोंदवत. घरीही त्यांचं तेच. दूध किती वेळात उतू जातं, काकूंचा राग किती वेळ टिकतो (साधारण अडतीस मिनिटं), सगळं त्यांच्या डोक्यात टिपलेलं असे. आताही त्यांनी पानावरची यादी घेतली, शेजारी आपली प्रत ठेवली आणि बोटाने एकेक ओळ जुळवत खाली आले. मग पुन्हा वर गेले.

थांबे अगदी तेच होते. मिनिटं मात्र एकही जुळत नव्हती.

२

“त्यात काय,” मोठ्या बाई म्हणाल्या. “ओळखू येऊ नये म्हणून बदलली असतील.”

“बनवलेली वेळ पाचाच्या पाढ्यात असते बाई. मनाने सांगणारा दहा मिनिटं सांगतो, पंधरा सांगतो. इथे बघा. चौदा, अकरा, तेवीस, सत्तावीस. हे कुणीतरी चालून मोजलंय.”

मग त्यांनी एकेकाला गाठायला सुरुवात केली.

कॅमेरामन सामानाच्या खोलीत पेट्या मोजत होता. त्याचं टोपणनाव रडतराव, आणि ते त्याने स्वतःच्या कष्टाने मिळवलं होतं. “मी कशाला फोडू?” तो म्हणाला. “फुटलं तर नवा रस्ता. नवा रस्ता म्हणजे कॅमेरा खांद्यावर घेऊन पुन्हा सगळं चढायचं मीच. माझी कंबर गेली, गुडघे गेले, एक डोळा तेवढा शिल्लक आहे. प्रत माझ्या पेटीत आहे, कुलूप बघा, हवं तर पेटी घेऊन जा.”

निवेदक चौथ्या मजल्यावरच्या आपल्या खोलीत आरशासमोर बसला होता. लोक ‘भिंगरी’ बघत ते निम्मं त्याच्यासाठी. पांढरे बूट घालून तो जोड्यांच्या बरोबरीने पळे, पळता पळता त्यांची मस्करी करी, आणि दम न लागता पुढचं कोडं वाचून दाखवी. कचेरीतली लिफ्ट फक्त सामानासाठी होती. हा गडी चार मजले धावतच वर यायचा आणि बाकीच्यांना खजील करायचा.

“नकाशाताईवर ढकलताहेत हे?” तो म्हणाला. “शक्यच नाही काका. ती पोरगी स्वतःच्या सावलीला सांगायची नाही. माझी प्रत ह्या खणात आहे. मला तर सगळं पाठ आहे, कागद लागतच नाही.”

“चला, खाली चहा घेऊ,” काका म्हणाले.

निवेदक उठला, आणि तेवढ्यात त्याने टेबलावरचा फोन उचलून कानाला लावला. “तुम्ही व्हा पुढे काका, हा जरा महत्त्वाचा आहे. आलोच.” फोन वाजला नव्हता, पण हल्लीचे फोन वाजतात कुठे, नुसते थरथरतात. काका एकटेच खाली आले. चहा निवला तरी निवेदक आला नाही.

मोठ्या बाईंनी स्वतःची चौकशीही करायला लावली. त्यांना टपाल पेटीत टाकायलाही गाडी लागे आणि त्यांच्या सँडलच्या टाचा चार बोटं उंच होत्या. सात थांबे पायी करणं त्यांच्या पत्रिकेतच नव्हतं.

राहिली चिमी. ती भिंतीवरच्या शहराच्या नकाशासमोर उभी होती. काकांनी खुर्ची ओढून घेतली.

“चिमे, तू कुणाला बोललीस?”

“नाही.”

“चुकून? काकूला?”

“काकूला सांगितलं असतं तर चाहत्यांच्या पानाची गरजच काय होती?”

काकांना हसू आलं. मग त्यांनी विचारायचं तेच विचारलं. “तुला कुणाचा संशय येतोय?”

चिमीने त्यांच्याकडे पाहिलं, मग नकाशाकडे पाहिलं. “दुसरं काहीतरी विचारा काका,” ती म्हणाली, आणि पाठ फिरवून नकाशावरच्या टाचण्या सरळ करू लागली.

काका टेबलाशी आले. पोरगी काहीतरी लपवत होती, एवढं कळायला त्यांना घड्याळ लागत नव्हतं. समोर यादी होती म्हणून ते नुसतंच तिच्याकडे बघत बसले. तिसऱ्या ओळीवर त्यांची नजर खिळली. घंटाघर, एकशे सोळा पायऱ्या. चिमीच्या आराखड्यात: चढायला पाच मिनिटं, उतरायला तीन. यादीत: चढायला सहा, उतरायला नऊ.

त्यांनी शेवटची ओळ पाहिली. टेकडी. चढायला तेवीस, उतरायला सत्तावीस.

जगात कुठला माणूस चढण्यापेक्षा उतरायला जास्त वेळ लावतो?

३

उत्तर त्यांना घरीच मिळालं, आणि तेही फुकट. संध्याकाळी काकू जिन्यावरून खाली येत होत्या. “सारखं काय बघताय?” त्या म्हणाल्या. “चढताना नुसती धाप लागते. उतरताना गुडघ्याला कळतं आपलं वजन किती ते.”

म्हणजे गुडघा. ज्याने हे अंतर चाललं त्याचा गुडघा दुखरा होता. चिमी तर दोन-दोन पायऱ्या सोडून उतरते. पण ‘तिचा गुडघा चांगला आहे’ एवढ्यावर बाई तिला सोडतील असं काकांना वाटेना. खरा माणूसच हवा होता.

गुरुवारी सकाळी सहालाच ते स्टॉपवॉच घेऊन निघाले आणि अख्खा टप्पा चालले. सगळीकडे यादीतल्या माणसापेक्षा त्यांचा वेग जास्त भरला. तेही साहजिक होतं. फक्त एका ठिकाणी गाडं अडलं. बागेतल्या काचघरापासून वाचनालयापर्यंत चिमीला अठरा मिनिटं लागली होती, त्यांना सतरा. यादी म्हणत होती अकरा.

दुखऱ्या गुडघ्याचा माणूस सगळीकडे मागे आणि इथेच सहा मिनिटं पुढे? काका पुन्हा काचघराशी गेले. रस्त्याच्या डाव्या हाताला लांबच लांब भिंत होती, आणि रस्ता त्या भिंतीला अख्खा वळसा घालून वाचनालयाकडे जात होता. भिंतीच्या आत होतं एक मोठं रुग्णालय. पुढचं फाटक काचघरासमोर.

फाटकावरच्या रखवालदाराने त्यांना अडवलं. “कुणाला भेटायचंय?”

“कुणालाच नाही. मागून बाहेर पडता येतं का?”

“येतं की. सरळ बोळकांडी आहे, वाचनालयाच्या दारात निघते. पण सगळ्यांना नाही. पाहुणे पुढून आत, पुढूनच बाहेर.” रखवालदाराने बोटाने कपाळ खाजवलं. “मागचं फाटक फक्त कार्डवाल्यांसाठी. व्यायाम विभाग. हाडं, सांधे, गुडघे. त्यांना लांबून चालत जायला लावायचं बरं दिसत नाही ना.”

“कार्डवाले ओळखीचे असतील तुमच्या?”

“रोजचे आहेत. आपल्या कचेरीतलं कुणी येतं का, असं विचारायचंय ना तुम्हाला? कचेरीचा पट्टा गळ्यात तसाच आहे तुमचा.” काकांनी घाईने ओळखपत्र खिशात घातलं. “नाव नाही सांगता यायचं,” रखवालदार म्हणाला. “पण एक येतो. टोपी कपाळावर, तोंडाला मास्क. आणि साहेब, एवढ्या हळू चालणाऱ्या माणसाने तसले बूट घालू नयेत.”

“कसले?”

“पळायचे.”

४

पळायचे बूट ‘भिंगरी’त सगळ्यांकडेच होते, प्रत्येक हंगामाला एकेक जोड वाटला जाई. काकांकडेही दोन होते. तेवढ्यावरून कुणाचं नाव घेणं त्यांना पटलं नाही. त्यांना पटे ती फक्त वेळ.

दहा वाजता त्यांनी जाहीर केलं, की अंगणातलं सुरुवातीचं घड्याळ तपासायचं आहे आणि सगळ्यांनी एकेकदा खाली येऊन जावं. स्वतः ते जिन्याच्या तोंडाशी स्टॉपवॉच खिशात दाबून उभे राहिले.

रडतराव कॅमेऱ्यासकट उतरला. प्रत्येक पायरीला हाय-हाय करत, पण चाळीस सेकंदांत. परत चढला अठ्ठावन्नमध्ये. त्याचे गुडघे गेले होते ते फक्त बोलण्यात. मोठ्या बाई टाचा वाजवत बावन्नमध्ये उतरल्या, सत्तरमध्ये चढल्या. चिमी उतरली ती अठ्ठावीसमध्ये, कळलंही नाही. काकांनी स्वतःलाही मोजलं; न्याय म्हणजे न्याय. उतरायला पन्नास, चढायला सहासष्ट.

निवेदक सकाळी धावत वर आला होता: छत्तीस सेकंद, नेहमीसारखाच. खाली मात्र आला नाही. “फोनवर आहेत,” असं कुणीतरी सांगितलं.

काकांनी वही मिटली. मग सावकाश पुन्हा उघडली. सहा हंगाम ते ह्या माणसाबरोबर काम करत होते. किल्ल्यावर, धरणावर, दीपगृहावर. त्याच्या चढण्याच्या वेळा त्यांना तोंडपाठ होत्या. उतरण्याची गेल्या दोन वर्षांतली एकही नव्हती. दर वेळी फोन. दर वेळी ‘तुम्ही व्हा पुढे’.

चौघांच्या उतरण्याच्या वेळा वहीत होत्या. ज्याची नव्हती तोच तो माणूस.

दुपारी जेवणाच्या सुट्टीत कचेरी रिकामी झाली, तेव्हा काका दुसऱ्या मजल्याच्या वळणावर जाऊन बसले. थोड्या वेळाने वरून पावलांचा आवाज आला. एक पाऊल, थांबा, दुसरं पाऊल त्याच पायरीवर. कठडा दोन्ही हातांनी धरून, अंग तिरकं करून, रांगतं मूल उतरतं तसा वाऱ्यासारखा पळणारा देशाचा लाडका निवेदक उतरत होता.

काकांना बघून तो जागच्या जागी थांबला. मग खालच्या पायरीवर बसला.

“किती झालं?” त्याने विचारलं.

“दोन मजल्यांना अडीच मिनिटं,” काका म्हणाले. “गेल्या आठवड्यापेक्षा बरं असेल.”

निवेदक हसला, आणि हसता हसता त्याचे डोळे भरून आले. “दोन वर्षं झाली काका. पळता येतं, चढता येतं, उतरताना जीव जातो. पहिल्या टप्प्यात घंटाघर आहे, टेकडी आहे. मला जमेल का, हे बघायला तीन रविवार मी तो टप्पा न पळता, जपून चाललो. टोपी घालून. कुणाला कळलं तर संपलंच माझं. न पळणारा निवेदक कुणाला हवा?”

“आणि त्यापायी माझ्या पुतणीची नोकरी चालली.”

“मी आज पाचला स्वतः सांगणारच होतो,” तो म्हणाला. काकांनी त्याच्याकडे नुसतं पाहिलं. “बरं, रात्रभर ठरवत होतो, आणि ठरत नव्हतं,” त्याने कबूल केलं. “पण एक खरं सांगतो. चाललो मी. मोजलंही मी. त्या पानावर मात्र मी टाकलेलं नाही. कुणाला सांगितलं नाही, कागद कुणाला दाखवला नाही. ते तिथे कसं पोचलं हे मला खरंच माहीत नाही.”

काका माणसाच्या तोंडावरून खरं-खोटं ओळखणारे नव्हते. पण एक त्यांच्या लक्षात आलं. हा चोर असता तर चोराने आपल्याच गुडघ्याची वेळ जगाला का दाखवली असती?

“ऊठ,” ते म्हणाले. “तुझं कार्ड घे. आणि सावकाश ये, मी मोजत नाही.”

५

व्यायाम विभाग म्हणजे एक लांबलचक दालन होतं. सायकली, चेंडू, खोट्या पायऱ्या, आणि त्यांवर पंधरावीस माणसं, बहुतेक साठीपुढची, घाम पुसत गप्पा ठोकत होती. समोरच्या भिंतीवर एक मोठा फळा होता. तो पाहिला आणि काका जिथल्या तिथे थबकले.

फळ्यावर आडव्या रांगा होत्या. रुग्णाचं नाव नाही, फक्त क्रमांक, आणि पुढे त्या आठवड्यात तो कुठे कुठे चालला आणि किती मिनिटं लागली. क्रमांक एकोणीसपुढे घंटाघर होतं, काचघर होतं, वाचनालय होतं. साती थांबे. ओळीने.

“मी सगळ्यांना लिहायला लावते,” व्यायामवाल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “घरी कुणी चालत नाही हो. चारचौघांत लिहायचं म्हटलं की झक मारत चालतात.” मग त्या निवेदकाकडे वळल्या. “आणि एकोणीस, टेकडी तुम्हाला कुणी सांगितली होती?”

“म्हणजे तू पूर्ण टप्पा इथे लिहिलास?” काकांनी दबक्या आवाजात विचारलं. “एखादा थांबा गाळायचास. मिनिटं तरी वाटेल ती लिहायचीस.”

निवेदकाने मान खाली घातली. “सहा वर्षं तुमच्या हाताखाली काढलीत काका. थांबा गाळायचा नाही, क्रम मोडायचा नाही, वेळ खोटी लिहायची नाही. खडू हातात घेतला आणि खरंच लिहिलं गेलं. हे चुकतंय असं त्या वेळी मनातसुद्धा आलं नाही.”

काकांना त्याचा राग यायला हवा होता. आला तो अभिमान, आणि तो लपवायला त्यांनी चष्मा पुसला.

तेवढ्यात सायकलवरून एक आजी उतरल्या. लहानखुऱ्या, पांढऱ्या केसांचा बॉब केलेल्या, गळ्यात क्रमांक सातचं कार्ड. “एकोणीसच्या रस्त्याबद्दल बोलताय का?” त्या म्हणाल्या. “फार छान रस्ता आहे. आम्ही सगळे त्याच्या मागे लागलोय. फुलबाजार आहे, बोटीचा धक्का आहे, मध्ये आपलं फाटक आहे. अगदी ‘भिंगरी’तल्यासारखा. म्हणून आम्ही आमचीच भिंगरी काढली. हा पहिला टप्पा. एकोणीसची वेळ मोडायची. मी ते त्या पानावर टाकलंसुद्धा, म्हटलं बघू बाहेरचं कुणी येतंय का.”

“‘आम्ही हटणार नाही’ ते तुम्हीच?” काकांनी विचारलं.

“आमच्या मंडळाचं नाव आहे ते. कुणीतरी तीनदा विचारत होतं, कोण आहात, कोण आहात. मी म्हटलं, हे फसवणारे लोक असतात. उत्तरच दिलं नाही.”

निवेदकाने मास्क काढला. आजींनी त्याच्याकडे पाहिलं. दर आठवड्याला त्याला टीव्हीवर बघणाऱ्या, आणि तीन आठवडे त्याच्या शेजारच्या सायकलवर बसणाऱ्या. “अगंबाई,” त्या म्हणाल्या, “तो तू होय? बसलेला असतोस, म्हणून ओळखलं नाही.”

काखेत कळसा आणि गावाला वळसा, तो असा. पण काकांच्या मनात आता दुसराच आकडा होता. सव्वातीन वाजले होते.

६

चार वाजता मोठ्या बाईंच्या खोलीत पाचही प्रतींचे धनी जमले, शिवाय सात क्रमांकाच्या आजी. त्या बोलावल्याशिवाय आल्या होत्या आणि सगळ्यात मोठ्या खुर्चीत बसल्या होत्या.

काकांनी आरंभापासून सांगितलं. मिनिटं बनवलेली नव्हती, म्हणून माणूस चाललेला. उतरायला वेळ जास्त, म्हणून गुडघा दुखरा. काचघरापासून वेळ कमी, म्हणून रुग्णालयातून गेलेला, आणि तिथून फक्त कार्डवाला जातो. आणि आराखडा ज्यांच्याकडे होता त्यांच्यात ज्याचं उतरणं कुणी पाहिलंच नाही असा एकच. पुढचं निवेदकाने स्वतः सांगितलं. शेवटी तो चिमीकडे वळला. “ताई, तुझ्यावर आलं तेव्हा मी गप्प बसलो. ते दुखण्यापेक्षा वाईट होतं.”

 चिमी काकांकडे बघत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर असं काहीतरी होतं, की जणू तिचंच ओझं कुणीतरी उतरवून घेतलं होतं. आणि तसंच होतं म्हणा.

“म्हणजे चोरी नाही, फितुरी नाही,” मोठ्या बाई म्हणाल्या. “ही यादी खरी आहे हे आपल्याशिवाय कुणाला कळलेलंही नाही. मग रस्ता तोच ठेवूया.”

“नाही,” काका म्हणाले. “एखाद्या जोडीने ती वाचली असेल तर? रस्ता बदलायचा.”

“उद्या सकाळी सुरुवात आहे काका.”

“माझ्याकडे आणखी तीन रस्ते अर्धे आखलेले आहेत,” चिमी म्हणाली. तिने भिंतीवरून नकाशा उतरवला आणि टेबलावर पसरला. “फक्त चालून बघायला माणसं हवीत. आज, आत्ता.”

“किती?” आजी म्हणाल्या. “पंधरा आहेत. हळू चालतात, पण खरं लिहितात.”

“आणि ह्याचं काय करायचं?” मोठ्या बाईंनी निवेदकाकडे बोट दाखवलं. “लोक हा पळतो म्हणून बघतात.”

“आम्हाला विचारा ना,” आजी म्हणाल्या. “तो कधी धडपडतोय, ह्यासाठी बघतो आम्ही.”

सगळ्यांच्या आधी निवेदक हसला. हसू ओसरलं तेव्हा चिमी पेन्सिलीने नकाशावर एक सरळ रेघ ओढत होती. “ह्याला पळवायचंच नाही,” ती म्हणाली. “हा चालेल. सगळ्यात जवळच्या वाटेने, आपल्या चालीने, कठडा धरून. थांबे नाहीत, कोडी नाहीत. आणि जी जोडी ह्याच्या मागून पोचेल ती धोक्यात.”

मोठ्या बाईंनी रेघेकडे पाहिलं. त्यांचा आवाज परत आला, तो तीन खोल्यांपलीकडे ऐकू गेला. “सामानाची गाडी काढा. आणि पंधरा बाटल्या पाणी.”

रडतराव उठला. “म्हणजे मला पुन्हा सगळं चढायचं,” तो म्हणाला, पण दाराबाहेर पडणारा पहिला तोच होता.

७

शुक्रवारी दुपारी नदीकाठच्या मैदानात घड्याळकाका टेबल टाकून बसले होते. शेजारी चिमी. रस्ता काल रात्री आठला पक्का झाला होता, पंधरा जणांनी चालून, मोजून, दोन ठिकाणी भांडून. दोरीपलीकडे ते पंधराही जण खुर्च्या घेऊन बसले होते आणि येणाऱ्या प्रत्येक जोडीला तिची चाल कुठे चुकली ते सांगत होते.

पाच जोड्या आल्या. आणि मग पुलाच्या पायऱ्यांवरून, कठडा धरून, एकेक पाय जुळवत निवेदक उतरताना दिसला. कॅमेरा समोर होता. त्याने फोन काढला नाही. अख्खं मंडळ उभं राहिलं. रडतराव कॅमेऱ्यामागे नाक ओढत होता. सर्दी झाली असं त्याने नंतर सांगितलं. निवेदक टेबलाशी आला, तीन जोड्या अजून कुठेतरी गल्ल्यांत भरकटत होत्या, आणि तो सहावा होता. काकांनी त्याची वेळ सेकंदासकट नोंदवली.

मग जरा निवांत झालं. सातवी जोडीही आली. आठवीचा पत्ता नव्हता.

“काका,” चिमी म्हणाली, “तुम्हाला माझा संशय आला होता का?”

काका आजवर वेळेच्या बाबतीत खोटं बोलले नव्हते. “आला होता,” ते म्हणाले. “अकरा मिनिटं.”

“अकराच?”

“बारावं लागायच्या आत घंटाघराच्या ओळीवर नजर गेली.”

ती हसली. मग गवताची काडी बोटाभोवती गुंडाळत राहिली. “मला तुमचा येत होता. बुधवारी सकाळपासून काल चारपर्यंत.”

“माझा?”

“प्रत्येक थांब्यापुढे मिनिटं, काका. आपल्यात मिनिटं लिहिणारा दुसरा कोण आहे? वाटलं, कुठेतरी कागद विसरलात. वय झालं. आणि तुम्ही माझ्यासमोर बसून विचारत होता, कुणाचा संशय येतोय म्हणून.”

काकांनी स्टॉपवॉच टेबलावर ठेवलं. “मग बाईंना सांगायचंस. तुझी नोकरी जात होती.”

“मला कुठेही नकाशे काढता आले असते,” चिमी म्हणाली. “तुम्हाला ह्या टेबलाशिवाय करमलं नसतं.”

पलीकडे एकदम गलका झाला. आठवी जोडी धुळीने माखून, एकमेकांचे हात धरून हसत समोर उभी होती. किती वेळ उभी होती कोण जाणे. काकांनी स्टॉपवॉचकडे पाहिलं, पण त्यांना काटेच दिसेनात.

सातव्या हंगामाचा तो तक्ता अजून कचेरीत लावलेला आहे. सात जोड्यांच्या आणि एका निवेदकाच्या वेळा त्यात सेकंदापर्यंत आहेत. आठव्या जोडीपुढे, घड्याळकाकांच्या अक्षरात, लिहिलं आहे: अंदाजे.